उभ्या रेघेचा माणूस

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. त्याच्या गमती सांगायच्या आणि शेवट गिळायचा, ही युक्ती मला चांगली जमली होती. आज शेवटासकट सांगतो.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या त्या गृहस्थाइतका कॉमाचा द्वेष जगात कुणी केला नसेल. ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात आम्ही संगणक विभागात होतो. मी प्रमुख, तो हाताखाली, पण वयाने बरोबरीचा. आमच्या यंत्रातली माहिती टेपवर भरून मुंबईच्या मुख्य कचेरीत जायची आणि तिथलं वेगळंच यंत्र ती वाचायचं. एका कामगाराची एक ओळ: नाव, पत्ता, खातं, शेरा. मध्ये काहीतरी खूण हवी, नाहीतर नाव कुठे संपलं आणि पत्ता कुठे सुरू झाला हे यंत्राला कळत नाही. खूण म्हणून तो उभी रेघ घालायचा. "अरे, आपलं यंत्र मूर्ख आहे आणि ते दुसऱ्या मूर्खाशी बोलतंय. मधे भिंत नको?"

ही भिंत त्याच्या अंगात भिनली होती. बोलतानाही तो दोन गोष्टींच्या मध्ये उजवा हात हवेत वरून खाली आणायचा. कॅन्टीनमध्ये "चहा", हात, "बिनसाखरेचा", हात, "दोन". वाशीच्या मार्केटात आम्ही चौघं मिळून कांद्याची गोणी घ्यायला गेलो, तेव्हा तो हात असा चालला की गोणीवाला म्हणाला, "शेट, माश्या हाकलताय का भाव पाडताय?" डब्यात भाजी भाताला लागली तर तो उपाशी राही. वहिनी म्हणायच्या, "भावोजी, लग्नात अंतरपाट काढायलासुद्धा हे तयार नव्हते!" मी सगळ्यात मोठ्याने हसायचो.

कारखान्यात दरवर्षी छातीची तपासणी व्हायची. ज्यांच्या शेऱ्यात 'पुन्हा तपासा' असेल, त्यांना मुख्य कचेरीचं यंत्र पत्र छापून बोलवायचं. एकदा तिथल्या साहेबांचा फोन आला. "बाकी सगळे कारखाने कॉमा घालतात. तुमच्या रेघेचे लाड आम्ही किती दिवस करायचे?" मी हे त्याला सांगितलं, तर तो उसळला. "शिरवण्यासारख्या गावठाणातल्या माणसाच्या पत्त्यातच दोन कॉमे असतात. घर नंबर, आळी, गाव. यंत्र त्याचे तीन तुकडे करेल आणि शेऱ्याच्या जागी गाव वाचेल!"

दुसऱ्या दिवशी तो रजेवर होता. साहेबांपुढे मला वाईट दिसायचं नव्हतं. मी सगळ्या रेघा काढून कॉमे घातले आणि टेप पाठवून दिली. त्याला सांगितलं नाही.

नव्या वसाहतीतल्या लोकांचे पत्ते नुसते आकड्यांचे, त्यात कॉमा नाही. त्यांना पत्रं गेली. गावठाणातल्या एकालाही गेलं नाही. सात-आठ महिन्यांनी पॅकिंगमधला शिरवण्याचा एक कामगार रक्त ओकला. त्याला बघायला आम्ही गेलो, तेव्हा तो खाटेवरून म्हणाला, "मना कागद आलाच नाय, साहेब. कोनी बोलावलाच नाय." तो वाचला, पण कामावर परत आला नाही.

चौकशीत मॅनेजरनी विचारलं, "फाइल कोण बनवतं?"

मी म्हणालो, "हाच बनवतो."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं सहज निघालं. त्याच्यासमोर त्या फाइलीचा छापील कागद होता. त्यावरचे कॉमे त्याने पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात हललासुद्धा नाही. त्याला वाटलं असेल, मी आता बोलेन. मी पेनाचं टोपण लावत बसलो. त्याला गोदामात टाकलं, महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी पत्ता काढून मी कामोठ्याला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे दिले, पण भावोजी म्हटलं नाही. त्या आत गेल्यावर तो म्हणाला, "तुला काहीतरी बोलायचंय."

मी म्हटलं, "तुमच्या सोसायटीत पाणी किती वेळ येतं?"

त्याने पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "सकाळी दोन तास."

गेल्या वर्षी तो गेला. कामोठ्याला गेलो त्या दिवशी त्याचा जिना चढताना मी एवढंच घोकत होतो: तू रजेवर होतास. फाइल मी बदलली. आणि तू समोर बसलेला असताना तुझं नाव मी घेतलं. मला माफ कर.