अकरा वाढदिवस, एकच मान

माझी ताई शिवणकाम करते. नवे कपडे ती शिवत नाही, जुने माणसाच्या मापाचे करून देते. कुणाचं पोट सुटतं, कुणी आजारातून उठून अर्धा होतो, कुणाला थोरल्याचा कोट धाकट्याला बसवून हवा असतो. ही सगळी मंडळी जिन्याखालच्या तिच्या दुकानात येतात. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की ताईला मशीनमागे सरकावं लागतं. ओठांत चार टाचण्या धरून ती तासभर बोलू शकते, म्हणून गल्लीत तिला टाचणीबाई म्हणतात. तिला ते माहीत आहे. एकदा एका गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहिताना तिने खाली तेच नाव टाकलं होतं.

मी तिचा धाकटा भाऊ. तिच्या दुकानासमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. या हकीकतीत वाईट वागलेला माणूस मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दर वाढदिवसाला मी ताईला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवतो आणि तिचा एक फोटो काढतो. असे अकरा फोटो तिच्या मशीनवरच्या भिंतीवर ओळीने लागलेत. त्यांच्या वर आमच्या आईचा मोठा फोटो आहे. या वर्षी शिंप्यांच्या संघटनेने नवी ओळखपत्रं काढली. तिथल्या कारकुनाने खुर्चीतून उठायचेही कष्ट घेतले नाहीत, बसल्या जागेवरून ताईचा फोटो काढला. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती ते ओळखपत्र भिंतीवरच्या शेवटच्या फोटोशेजारी धरून उभी होती.

“एका वर्षात मान इतकी ओघळते होय रे?” तिने विचारलं.

“कॅमेरा भिकार असेल,” मी म्हणालो.

त्या वेळी खरं बोललो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मी चहा ठेवला आणि सटकलो.

तुम्ही म्हणाल, दुकानात एवढा मोठा आरसा आहे, तिला दिसत नव्हतं का? आरशात ताई गिऱ्हाइकाचे खांदे बघते, शिलाई बघते. स्वतःला निवांत बघायची ती माझ्या फोटोंमध्ये. त्यांत तिची हनुवटी अकरा वर्षं जशीच्या तशी होती, कारण तिच्याखालची सैल कातडी मी दर वर्षी कॉम्प्युटरवर पुसून टाकत होतो. गिऱ्हाइकांच्या फोटोंवर रोज हेच करतो. तिला मी हे कधीच सांगितलं नव्हतं.

मग ताईने बंद गळ्याचे कपडे घालायला सुरुवात केली, तेही भर उन्हाळ्यात. तीस वर्षं वाकून काम केलं त्याचंच हे फळ, असं तिने मनाशी ठरवलं आणि मान वाकवायला नको म्हणून मशीनच्या पायांखाली विटा लावल्या. मान ताठ ठेवून शिवताना तिला सुई नीट दिसेना. एका पँटच्या दोन पायांत बोटभर फरक पडला. तिच्या हातचा कपडा पहिल्यांदाच परत आला. मी समोरून हे सगळं बघत होतो आणि मूग गिळून गप्प होतो. आजही आठवलं की स्वतःचीच किळस येते.

एक दिवस ती माझ्याकडे आली. “मान वर ओढून घ्यायचं ऑपरेशन असतं म्हणे. डॉक्टरांनी सोबत कुणीतरी आणायला सांगितलंय. येशील? माझ्या लेकीला सांगू नकोस, हसेल ती मला.”

नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत होत्या. त्यांनी ताईची मान दोन बोटांनी चाचपली, डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावली. सिगारेट ओढता का, सांधेदुखीच्या कुठल्या गोळ्या घेता, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, वजन वर-खाली होतं का, सगळं विचारलं. मग ताईने उलट विचारायला सुरुवात केली, अगदी शिंपिणीच्या थाटात.

“शिलाई कुठे येते?”

“कानाच्या पुढून मागे, केसांत. कधी हनुवटीखाली एक छोटी. खूण फिकट होते, पण पुसली जात नाही.”

“नुसतं वरचं कापड ओढलं तर चार दिवसांत परत सैल पडेल.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “म्हणून आतला स्नायूही आवळावा लागतो. सूज आणि काळंनिळं दोन-तीन आठवडे राहतं, बधिरपणा त्याहून जास्त. कधी आत रक्त साकळतं, क्वचित एखादी नस दुखावते. तेवढे दिवस खाली वाकून काम अजिबात नाही. आणि वय काही थांबत नाही, मान पुढे पुन्हा उतरतेच.”

“वाकायचं नाही, म्हणजे दुकान बंद,” ताई म्हणाली. तरी तिने पिशवीतून अकराही फोटो काढून टेबलावर मांडले. जुने फोटो आणायला तिला आधीच सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “दहा-अकरा वर्षांत काहीच फरक नाही, आणि या एका वर्षात एवढा? असं सहसा होत नाही. आधी गळ्यात गाठबीठ नाही ना, ते तपासून घेऊ. घरात कुणाची मान अशी होती का? आईची?”

“आईची शेवटपर्यंत छान होती,” ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. गाठ म्हटल्यावर ती भ्यायली होती.

“फोटो खोटे आहेत,” मी म्हणालो. “मी साफ केलेत.”

“कुठला?” ताईने विचारलं.

“सगळे.”

“मूळ फोटो असतील ना?” डॉक्टरीणबाई.

“मी ठेवत नाही.”

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो गोळा करून तिच्या हातात दिले. “मग तुमची मान तुमच्या वयाचीच आहे. ऑपरेशन करता येईल, नाही केलं तरी काही बिघडत नाही. पण या फोटोतल्या बाईसारखी करून द्या म्हणालात, तर ते कुणालाच जमणार नाही. दोन महिने जाऊ द्या. कुणासाठी करायचंय ते ठरवा आणि मग या.”

रस्त्यात ताईने फोटो पिशवीत नीट ठेवले. मग म्हणाली, “का केलंस रे?”

तुझ्या प्रेमापोटी, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. निदान या वेळी तरी खोटं बोललो नाही. “हाताला सवय. आणि तू म्हातारी होतेस ते मला बघवत नव्हतं.”

“मला बघवलं असतं,” ती म्हणाली. “ऑपरेशनचं माझं मी ठरवीन. तू त्यात एक शब्द बोलायचा नाहीस.”

घरी न जाता ती सरळ स्टुडिओत शिरली आणि स्टुलावर बसली. गळ्याचं बटण तिने स्वतःच उघडलं. “काढ. आणि हात लावू नकोस.”

मी फोटो काढला. कॉम्प्युटरवर तो उघडला तेव्हा माझं बोट आपसूक नेहमीच्या जागी गेलं. ताई शेजारी उभी राहून ते बघत होती. मी हात मांडीवर घेतला. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

मग तिने विचारलं, “दुकानातला आईचा फोटो पण तूच केलास ना?”

“हो.”

“त्यालाही असंच?”

“हो.”

“मग आईची मान कशी होती रे? मला आता तो फोटोच आठवतो.”

मी पडद्याकडे बोट केलं. “ही अशीच.”

ताईने स्टूल पुढे ओढलं, पडद्यासमोर बसली आणि त्या मानेकडे कितीतरी वेळ बघत राहिली.