लिफ्टमध्ये पाठिंबा, ग्रुपवर विरोध

डोकं फिरलंय आज.

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी पोल आला: "तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मुसलमान कुटुंबाला भाड्याने द्यायचा का?"

मी 'हो' दाबलं. समोरच्या सावंतवहिनींनीही. मग धडाधड 'नाही' पडायला लागले. कोणी काय दाबलं ते नावासकट दिसतं ना! दुपारी बघते तर वहिनींचं नाव 'नाही'मध्ये. सोसायटीने त्या कुटुंबाला लगेच नकार कळवला.

संध्याकाळी वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. हळूच म्हणतात, "तुझंच बरोबर होतं गं. पण ग्रुपवर कशाला वाईट व्हायचं?"

म्हणजे मी एकटीनेच व्हायचं?

आता तुम्ही बोला. पटलं असेल तर इथेच, खाली, सगळ्यांसमोर लिहा. इनबॉक्समध्ये कुजबुजायला आलात तर सरळ ब्लॉक करीन.