व्हेरी पेशंट

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुकानात मला सगळे 'स्टोव्ह' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, नाव शोभतं.

एकदा मालकानं मला फक्त इंग्रजी बोलणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे पाठवलं. मी मशीन उघडलं आणि बाई स्टूल ओढून शेजारीच बसल्या. मशीनबद्दल बोलल्या, मांजरीबद्दल बोलल्या, बहुतेक वारलेल्या नवऱ्याबद्दलही बोलल्या. मला काय कळणार, कप्पाळ! पंपात अडकलेला मोजा निघेपर्यंत मी पान्याच्या तालावर 'येस मॅडम' म्हणत राहिलो.

संध्याकाळी त्यांचा दुकानात फोन आला. स्पीकर चालूच होता. "युवर मेकॅनिक इज व्हेरी पेशंट."

मी हातातला पाना खाली ठेवला. बाई पूर्वी नर्स होत्या, भिंतीवर तसा फोटो होता. चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं असणार. आणि नुसता पेशंट नाही, व्हेरी!

घरी येऊन आडवाच झालो. बायकोनं कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"आतला असेल," मी क्षीण आवाजात म्हणालो.

भाजीत मीठ नव्हतं, तरी मुकाट्यानं जेवलो. तेव्हा मात्र ती खरंच घाबरली. तिनं तिच्या बहिणीला फोन लावला. मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवते. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली.

"भाऊजी, इथे ते विशेषण आहे! पेशंट म्हणजे सोशिक, धीराचा. कौतुक केलंय त्यांनी तुमचं."

बायकोनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "सोशिक? तुम्ही?"

"अगं, भांडण्यापुरतं इंग्रजी येत नव्हतं."

पण हे मालकाला कोण सांगणार? त्यानं तो शब्द पक्का धरला. तेव्हापासून तिरसट, किरकिरी, डोकं खाणारी सगळी गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात. परवा एका निवृत्त हेडमास्तरांनी मला झाप झाप झापलं, तेही शुद्ध मराठीत. ओठांवर आलेलं उत्तर गिळून मी म्हणालो, "येस सर." ते इतके गोंधळले की चहा देऊन मोकळे झाले.

त्या बाई अजून अधूनमधून बोलावतात. मशीनला काहीही झालेलं नसतं. मी नळी काढतो, पुसतो, परत लावतो. त्या बोलतात. मेहुणीकडून 'अँड देन?' एवढं शिकून घेतलंय. मधूनमधून ते टाकतो.