पेटाऱ्याची कडी

सुतारकाका काही मुळातले भित्रे नव्हते. चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर माकडासारखे चढले, एकदा तुळईवरून पडून बरगडी मोडून घेतली, तरी दोन महिन्यांत स्वारी पुन्हा वर. उतारवयात त्यांनी जुन्या गावाच्या संग्रहालयात नोकरी धरली. ठिकठिकाणची जुनी घरं सोडवून आणून तिथं माळावर पुन्हा उभी केली होती. शाळा होती, लोहाराचा भाता होता, पाणचक्की आणि तिच्याशेजारी तळं. उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबंच्या कुटुंबं तिथं लोटायची. मुलं सूत कातायची, बापमंडळी घण उचलून कंबर धरायची, आया सावली शोधायच्या. काका पोरांना लाकडी शिट्ट्या करायला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात डागडुजी करायचे.

त्या दुपारी एक बाई धावत आली. "काका, निळ्या फ्रॉकमधली मुलगी बघितलीत? सहा वर्षांची?"

दोघी बहिणी लपाछपी खेळत होत्या. थोरलीवर राज्य होतं. धाकटी अर्धा तास झाला तरी सापडत नव्हती. बाप घराघरातून हाका मारत फिरत होता. आजोबा तळ्याकाठी मटकन बसले होते आणि पाण्यावरची नजर हलवत नव्हते.

काका बांबू घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरले. बांबू चिखलात रुतला की ते तिथंच वाकून हातानं चाचपायचे. एकदा काहीतरी मऊ लागलं. काठावर आईनं तोंडावर हात दाबला. वर आला तो कुजक्या गवताचा पेंढा.

"नीट बघितलंस का तू?" आई थोरलीवर खेकसली. "तुझ्या भरवशावर सोडली होती तिला!"

"सगळीकडे बघितलं गं," दहा वर्षांची पोर हुंदके देत म्हणाली. "माळ्यावर, पलंगाखाली. त्या मोठ्या पेटाऱ्यातही बघणार होते, पण त्याला बाहेरून कडी होती. मग ती आत कशी असेल?"

पोरीचं काही चुकलं नव्हतं. आत बसून बाहेरची कडी कोण लावणार? पण काकांच्या हातातून बांबू गळून पडला.

धान्याच्या त्या पेटाऱ्याची कडी वर्षानुवर्षं गंजून वरच अडकलेली होती. आठच दिवसांपूर्वी काकांनी ती ठोकून सरळ केली, तेल पाजलं. आता झाकण आपटलं की कडी आपोआप कोयंड्यावर बसायची. आपल्याच कामावर खूश होऊन त्यांनी ती तीन-चारदा वाजवूनही बघितली होती. फळ्यांमधल्या फटीसुद्धा त्यांनीच बुजवल्या होत्या.

काका पळत सुटले. ओली विजार पायांत अडकत होती. पेटारा होता त्या घरात शिरले, तर तो चिडीचूप. आतून हू नाही की चू नाही. त्यांना पुढे होववेना. क्षणभर वाटलं, दुसऱ्या कुणीतरी उघडावा. मग त्यांनीच कडी उचलली.

पोर अंगाचं मुटकुळं करून पडली होती. केस घामानं निथळत होते, ओठ पांढरेफटक, नखांत लाकडाचा चुरा. काकांनी तिला उचलून दारात, वाऱ्यावर आणलं. "बाळा! अगं ए बाळा!"

तिनं डोळे उघडले. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. तिनं फक्त त्यांचा सदरा मुठीत धरला आणि काही केल्या सोडेना.

डॉक्टरांनी तपासलं, पोर सुखरूप होती. आईच्या रागाला मात्र आता कुठं वाट फुटली. तिनं थोरलीवर हात उगारला.

"तिला नका मारू," काका मध्ये आले. "ती कडी मी दुरुस्त केली. झाकणाखाली एखादं पोर अडकेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

बापानं त्यांची गचांडी धरली. काकांनी ती सोडवायचा प्रयत्न केला नाही. आजोबाच पुढे झाले आणि मुलाचा हात हळूच खाली घेत म्हणाले, "त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

व्यवस्थापकबाईंनी काकांना पंधरा दिवस घरी बसवलं. परतल्यावर त्यांनी संग्रहालयातल्या साऱ्या पेट्यांच्या कड्या उपटून काढल्या आणि फळ्यांना भोकं पाडली. पण भीती मात्र उपटून निघाली नाही. रोज माणसं पांगली की ते एकेक झाकण उचलून आत विचारतात, "कोणी आहे का?" बायको म्हणते, घरी पिठाच्या डब्यालाही विचारतात. काका हसतात, आणि तरीही झाकण उचलून बघतात.