फुलवातीचा पाठ

त्या वर्षी माझी देवीवरची श्रद्धा डळमळली होती, हे आधीच कबूल करते. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अमरावतीत मतिमंदांच्या एका संस्थेत मी तात्पुरती शिक्षिका होते. अकोटजवळच्या आमच्या शेतकरी घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी माझा बी.ए.चा कागद काचेत लावून घेतला होता. पण मतिमंदांना शिकवण्याचं वेगळं प्रमाणपत्र असेल त्यालाच कायम करायचं, असं संस्थेनं ठरवलं होतं. लेखी परीक्षेत मी पास झाले, प्रात्यक्षिकात नापास. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर नोकरी गेली.

प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीला रोजच्या उपयोगाचं एखादं काम पायरीपायरीनं शिकवून दाखवायचं असे. माझी विद्यार्थिनी सुभद्रा, तिशीची, अचलपूरकडच्या खेड्यातली. काम फुलवात करण्याचं. कापूस घ्यायचा, कचरा वेचायचा, पसरून गोळा करायचा, टोक पिळायचं. पहिल्या परीक्षेत ती मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून नुसती बसून राहिली. शेरा आला, ‘विद्यार्थिनीपर्यंत सूचना पोहोचत नाहीत.’

त्यानंतर दोन महिने मी रोज तोच पाठ घेतला. पुस्तकात होतं तसाच. वाक्य लहान, स्पष्ट, दर वेळी तेच. "सुभद्रा, कापूस घे. सुभद्रा, मला दे." ती तशीच बसून. स्वयंपाकघरात मात्र शेंगा सोलण्यात तिचा हात कुणी धरत नसे. स्वयंपाकीण गंगूबाई मला चिडवायच्या, "मास्तरीनबाई, तुमच्याजवळ आली का हिच्या हाताले लकवा मारते का वं?" मी हसायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. जेवण जात नव्हतं. बाबांचं कार्ड यायचं, ‘कायम झाली का?’ मी उत्तर लिहायचं टाळायचे. रोज संध्याकाळी अंबादेवीला जायचे आणि एकच मागायचे, सुभद्रेला थोडी बुद्धी दे. काही घडत नव्हतं. परीक्षेच्या सकाळी देवीपुढे उभी राहिले तर मागणंच सुचेना. ‘तुला करायचं ते कर,’ एवढं मनात म्हटलं, तेही रागानंच.

खोल्या अंधाऱ्या म्हणून पाठ व्हरांड्यात ठेवला होता. परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या, वही घेऊन खुर्चीवर बसल्या. व्हरांड्याच्या पायरीवर एक अनोळखी म्हातारी बसली होती. डोळ्यांचा दवाखाना शोधत चुकून आमच्या फाटकात शिरली होती आणि गंगूबाईंनी तिला पाणी दिलं होतं. मी पाठ सुरू केला. "सुभद्रा, कापूस घे." सुभद्रेनं हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. परीक्षक बाई काहीतरी लिहू लागल्या. 

"काहून वं पोरी, तिले काहून भेडसावून रायली?" म्हातारी पायरीवरून म्हणाली.

"आजी, परीक्षा चालू आहे," परीक्षक बाई म्हणाल्या.

"असन. पण हे मास्तरीन साहेबावानी बोलून रायली. साहेब बोलला का गरिबानं चूप बसा लागते, हेच शिकवलं असन त्या पोरीच्या मायनं तिले. ते मान ठेवून रायली तुमचा!"

माझी कानशिलं तापली. कॉलेजात पहिल्याच वर्षी माझ्या ‘मले’ला मुली हसल्या होत्या. तेव्हापासून मी ती घरची बोली जिभेवरून खरवडून काढली होती आणि त्याचा मला अभिमानही होता. सुभद्रा दोन महिने माझ्यासमोर शहाण्यासारखी बसत होती, आणि मी तिच्यासाठी बुद्धी मागत होते.

परीक्षेचं काय व्हायचं ते होवो, असं त्या क्षणी वाटलं. मी तिच्याजवळ सरकून फरशीवर बसले. "सुभद्रे, घे वं बाई कापूस. कचरा काढ त्यातला. आता दे मले."

तिनं मान वर केली.  "तुले देऊ?" तिनं विचारलं, आणि खुदकन हसली.

"हो. मले दे."

तिनं कापूस वेचला, माझ्या हातावर ठेवला, परत मागून घेतला. वात वाकडी झाली, टोक सैल पिळलं गेलं, पण ती तिनं केली होती. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही आधी का नाही केलंत?" 

मी पास झाले. भाषेच्या रकान्यात गुण कमी पडले, ते मी आनंदानं घेतले. बाबांना कार्ड टाकलं, ‘कायम झाली.’

पाठ संपताच मी पायरीकडे धावले होते. म्हातारी गेली होती. गंगूबाईंनी तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला होता. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं, ती दिसली नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. डोळे दाखवायला आलेली कुणाची तरी आजी असेल. पण देवीनं सुभद्रेला बदलावं असं मी मागत होते, आणि तिनं सुभद्रेला हातही लावला नाही. बदलायचं होतं ते माझ्यात होतं, आणि ते मी मागितलंच नव्हतं.

आता नवी विद्यार्थिनी आली की तिच्या आईला आधी विचारते, घरी हिच्याशी कसं बोलता? ती सांगते ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवते. मग देवीचं नाव घेते आणि त्या मुलीपुढे काही न बोलता बसून राहते, ती आपणहून तोंड उघडेपर्यंत.