फुगलेला बेदाणा

आमच्या शेजारच्या काकांइतका हट्टी माणूस पनवेलात झाला नाही, होणारही नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि जगात दुसरा विषयच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. "जीवशास्त्र म्हणजे ओलं फिजिक्स," हे त्यांचं लाडकं वाक्य. बाजारात भाजीवालीने सुकल्या मेथीवर पाणी मारलं की हे थांबलेच. पाणी पेशीत शिरतं, आतून दाब येतो, म्हणून पान ताठ होतं, हे तिला समजावेपर्यंत मागे गिऱ्हाइकं तुंबायची. शेवटी ती म्हणायची, "मास्तर, जुडी घ्याची हाय का नाय?" मग हे मुकाट्याने दोन जुड्या घ्यायचे आणि बिचाऱ्या काकू त्या निवडत बसायच्या.

माझी धाकटी बहीण सुमी. तिला नर्सच व्हायचं होतं. जीवशास्त्रात हुशार, पण बारावीला फिजिक्समध्ये आपटली. बाबांनी सांगून टाकलं, "ऑक्टोबरला सुटली तर ठीक, नाहीतर पळस्प्याचं ते स्थळ आहेच." काकांनी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि अनवाणीच आले.

"सुटणार कशी नाही? पेशी कळतात ना तिला? मग फिजिक्स येतंच."

झालं. आमच्या स्वयंपाकघराची शाळा झाली. आईने काकडीला मीठ लावलं की हाक, "सुमे, पाणी का सुटलं?" सत्यनारायणाला तर कहर केला. ऐन आरतीत प्रसादातला बेदाणा उचलून म्हणाले, "हा फुगला कसा?" सुमीने तबक ओवाळता ओवाळता उत्तर दिलं. भटजींनी कपाळाला हात लावला. बाबा तडकले, तर काका म्हणतात, "देव थांबेल, ऑक्टोबर नाही थांबायचा."

सुमी सुटली. काठावर, पण सुटली. पेढे काकांनीच वाटले.

पुढे काही वर्षांनी काका जुलाबांनी आडवे झाले, ते नेमके सुमीच्याच वॉर्डात. ती सलाईन लावत होती. डोळे उघडत नव्हते, पण प्रश्न आलाच. "यात मीठ कशाला? साधं पाणी का नाही?"

"साध्या पाण्याने रक्तातल्या पेशी फुगून फुटतील, काका. बेदाण्याच्या वरताण."

"दाब म्हणायचं राहिलं," काका पुटपुटले आणि झोपी गेले.

त्या दुखण्यातून ते उठले. आता मात्र नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणा आला की सुमी तो चिमटीत धरते, हळूच "दाब" म्हणते आणि मग तोंडात टाकते. मला तेव्हा काकांची फार आठवण येते.