डोंगर चढून गेलेली करटुली

करटुलीसाठी डोंगर कुठवर चढावा लागला, ते मावशी सोताच्या अंगावर दाखवायची. आधी गुडघ्यावर हात ठिवायची. पुढच्या साली कमरंवर. मंग खांद्यावर. "औंदा हितून खाली एक बी येल न्हाई," म्हणायची आन पाटी माज्या आपे रिक्षात चढवायची.

कंधारच्या बाजारात करटुली इकायची ती. तुमी खाल्ली आसतील. काटेरी, बारकी, कारल्याची रानातली चुलत भावंडं, पर कडूपणा सगळा कारल्याच्या वाटणीला गेलेला. माजी आपे चढाला बंद पडायची. मंग मावशी मागून ढकलायची आन मी आत बसून जोर लावायचो.

"आरं, ब्रेक सोड की."

"तू दमली आसशील म्हणून धरला, मावशे."

उन्हाळा आसा तापाया लागला की खालच्या अंगाच्या येलांचे कंद मातीतच भाजून जायचे. येल थंडावा बघत वर, मावशी येलामागं. मी हुशारी केली, "आजून वर सरकतील की."

"आन डोंगर सरल्यावर? आभाळात लावू का, येड्या?"

शेवटी टोकावरच्या दगडांतच काय ते येल राहिले. मावशीची लेक हिमायतनगरकडं दिलेली, शेताला लागून सागाचं जंगल. "सावली हाय तिकडं. ह्यास्नी बी तिकडंच नांदू दे," म्हणाली.

आमच्याकडं फळ धरणाऱ्या येलाला चिंधी बांधत्यात. जो नुसता फुलतो त्यो कोरा, त्येला दिसला की उपटत्यात. "फुकट खानारे," मावशी म्हणायची.

"माज्याकडं बघून नगं बोलू."

"तुला उपटून ठिवायचं कुठं, म्हणून राहिलास."

चिंधीवाले तेवढे कंद पोत्यात भरून आमी नेले. पावसात लेकीच्या शेताच्या कुपाटीभर येल पसरले, पिवळी फुलं आली. फुलामागं इवलं करटुलं दिसायचं, आन दोन दिसांत पिवळं पडून गळायचं. लेकीची शेजारीण बघून हासली. "नर कुठाय गं? समद्या बायाच आणल्यास की."

मावशी मला म्हणाली, "आपे चालू कर."

माघारी येऊन आमी डोंगर पालथा घातला, एक नर घावला न्हाई. कोरे म्हंजेच नर, ते आमीच उपटलेले, उरले ते उन्हानं नेलेले. मावशी टोकावर बसली. "ऊन तर वैरीच हाय," म्हणाली. "आपुन कोण व्हतो?"

मंग ती लेकीकडंच राहिली, आन त्याच हिवाळ्यात गेली. मी तेराव्याला गेलो तवा लेकीनं गोठ्यामागची उकरलेली जागा दाखवली. "गळालेली करटुली आई पदरात येचायची, दादा. आमी बघू नये म्हणून हितं येऊन पुरायची. वर पाणी घालायची."

"उगवलं का कायी?"

"कवळ्या बिया, दादा. कुठनं उगवंल?"

माती आजून वली व्हती. लेकच घालत आसंल पाणी.